ताईचा हौद आणि माझा नळ

बागेतला नळ मी सोडला तेव्हा माझ्या मनात निव्वळ परोपकार होता. बुधवारची दुपार होती. ताई उद्याचं पक्कं करायला शाळेत गेली होती आणि जाताना हौदावर लक्ष ठेव म्हणून बजावून गेली होती. मी ठेवलं. अर्धा तास ठेवल्यावर दिसलं की पाणी काठापासून चार बोटं खाली आहे. ऊन मी म्हणत होतं. आत तारामासे, समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, सगळी बिचारी तळाला चिकटून. माळ्याची रबरी नळी शेजारीच पडली होती. तिचं तोंड हौदात सोडलं, बाकावर टेकलो, वर्तमानपत्र उघडलं आणि ते वाचता वाचता तोंडावर पांघरलं. जाग आली ती पायातल्या चपला ओल्या झाल्या म्हणून.

समुद्रातल्या जिवांना मी शहराचं पिण्याचं पाणी पाजलं होतं, तेही हौद भरून वाहीपर्यंत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. विज्ञान तिने कायम मागच्या दारात उभं राहून पाहिलं, पण असं पाहिलं की शिकवणारे फळ्यापाशी अडखळले की हळूच तिच्याकडे बघत. कपाटातल्या सतरा बरण्या तिच्या ताब्यात होत्या. एकीत औषधात बुडवून ठेवलेला तारामासा होता, उकडलेल्या बटाट्यासारखा पांढराफटक. दरवर्षी मुलं त्याचं पांढरं चित्र काढत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत. शाळेपासून दहा मिनिटांवरच्या खडकांत तोच प्राणी चांगला विटकरी रंगाचा फिरत असे. एकदा न राहवून तिने विज्ञानाच्या बाईंना सांगितलं, बरणीतला रंग खरा नाही. बाई म्हणाल्या, बरण्यांवरची धूळ पुसली का ते आधी बघा. घरी येऊन ताईने हे एकदाच सांगितलं. पण निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती अर्ज घेऊन बागेच्या कचेरीत उभी होती, यावरून ते वाक्य तिने किती वर्षं चघळलं असेल ते समजावं.

बाग समुद्राला लागून आहे. तिच्या टोकाला लहान मुलांनी डुंबायचा एक उथळ हौद कित्येक वर्षं कोरडा पडला होता. त्यात समुद्राचं पाणी भरायचं, ओहोटीला खडकांतले जीव आणायचे, शाळेच्या मुलांना जिवंत दाखवायचे आणि जिथून आणले तिथे परत सोडायचे, असा तिचा बेत. उद्यान अधीक्षक भला माणूस, पण खिशातल्या पेनाचं टोपण काढायलाही वरून मंजुरी मागवेल असा. ताईने सात महिने त्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी ते म्हणाले, एक गुरुवार देतो, चौथीचा एक वर्ग. जमलं तर वर्षभर चालवा, नाही जमलं तर हौदात माती भरून गुलाब लावतो. आणि शब्दाचे पक्के असल्यामुळे त्यांनी माती आधीच मागवून हौदाशेजारी ढीग घालून ठेवली. तो ढीग दिसला की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती परत आली तेव्हा मी नळ बंद करून, वर्तमानपत्र बाकावर वाळत घालून, काहीच न झाल्यासारखा बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. समुद्रफुलं मिटून बटणाएवढी झाली होती. एक खेकडा शंख सोडून बाहेर आला होता, अंघोळ अर्धी टाकून दार उघडायला आलेल्या माणसासारखा. ताईने पिशवीतून आपलं यंत्र काढलं. यंत्र म्हणजे एक परीक्षानळी, तळाशी छर्रे, तोंडाला बूच आणि मध्यावर लाल नेलपॉलिशची रेघ. समुद्राच्या पाण्यात ती बरोबर रेघेपर्यंत बुडून तरंगते. आज बुचापर्यंत गेली.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाह्या वर केल्या आणि माझ्या हातात बादल्या दिल्या. भरती होती, पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं होतं, एवढंच माझं नशीब. नऊ बादल्या खारं पाणी आणलं आणि एकेक जीव उचलून त्यात ठेवला. दोन तारामासे हातात घेतले तेव्हाच ओल्या फडक्यासारखे लोंबले. ते काही सावरले नाहीत.

पाच वाजता अधीक्षक फेरी मारत आले. हौदात नुसतंच पाणी बघून त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, मग उद्या मजुरांना फावडी घेऊन बोलावू का?

"शाळा नऊला येते," ताई म्हणाली. "फावडी दहाला बोलवा."

घरी मागच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली नऊ बादल्यांची रांग लागली. ताईच्या पायाला भिंगरी. ही बादली सावलीत, ती वाऱ्यावर, हिचं पाणी बदल, तिच्यात बोट घाल. ती बसेना, म्हणून मलाही बसवेना. मी सुचवलं, सकाळी नवे पकडून आणू. ती म्हणाली, उद्या खडक उघडे पडायलाच दहा वाजतील. मग पोरांनाच खडकांवर नेऊ, मी म्हणालो. तर बागेची हद्द भिंतीपर्यंत, त्यापलीकडे अधीक्षकांची परवानगी नाही. तिसरी सूचना माझ्या तोंडात होती, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती गिळली आणि गोणपाट भिजवायला घेतलं.

नऊला चाळीस मुलं आली आणि मोकळ्या हौदाभोवती उभी राहिली. मासे कुठेत, असं तिसऱ्याच मिनिटाला कोणीतरी विचारलं. मातीच्या ढिगापाशी अधीक्षक घड्याळ बघत होते. ताईने एका बादलीत परीक्षानळी सोडली, ती रेघेवर तरंगली. मग तीच नळी दोन वेण्यांच्या एका मुलीला दिली आणि हौदात सोडायला सांगितली. नळी खाली गेली. का गेली? वेण्यावालीने बोट बुडवलं आणि वर्गशिक्षिका नको नको म्हणेपर्यंत चाटलंसुद्धा.

"हे खारट कमी आहे," ती म्हणाली.

"हा माझा धाकटा भाऊ," ताईने माझ्याकडे बोट केलं. "याने काल काय केलं ते तोच सांगेल."

निरोपसमारंभांत मी पुष्कळ भाषणं ठोकली आहेत, पण हे सगळ्यांत छोटं. सांगितलं. चाळीस हात वर झाले. तुम्ही झोपलात कसे? तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही शाळेत जात नव्हता का? या प्रश्नावर अधीक्षकही हसले. मग मागून एकाने विचारलं, त्यांना दुखलं का? मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली की ते आपल्याला कळत नाही, पण त्यांच्या अंगात नको तेवढं पाणी शिरलं आणि त्यांना ते बाहेर टाकता येत नाही.

मग तिने ताटलीत ते दोन तारामासे ठेवले, रंग उडत चाललेले, आणि शेजारी बादलीतला जिवंत, विटकरी, एकेक पाऊल सरकणारा. वेण्यावाली गोंधळली. आमच्या शाळेत तर पांढरा असतो, ती म्हणाली.

एकतीस वर्षं ताई याच वाक्याची वाट बघत होती. मला वाटलं, आता तास होणार.

"बरणीतला मेलेला आहे," एवढंच ती म्हणाली आणि बादली तिच्यापुढे सरकवली.

दहा वाजले. मजूर फावडी घेऊन आले आणि उभे राहिले, कारण त्यांचे साहेब पँटचे गुडघे ओले करून बादलीशी बसले होते आणि याचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते एका नऊ वर्षांच्या मुलाकडून समजून घेत होते. उठले तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता पेनाचं टोपण काढलं. माती फाटकाकडे न्यायला सांगितली. पुढच्या गुरुवारी दोन शाळा. अट एकच, नळाला कुलूप आणि किल्ली ताईकडे.

ओहोटी लागली होती. आम्ही बादल्या घेऊन भिंतीपलीकडे खडकांवर गेलो आणि ताई एकेकाला पाण्यात सोडू लागली. मी मागे उभा. दोन गेले ते मनातून जाईनात, आणि नळाला कुलूप लागल्यावर मला काम तरी काय उरणार होतं? शेवटी विचारलंच, ताई, पुढच्या गुरुवारी मी नेमकं काय करायचं?

ती वाकलेलीच म्हणाली, "हेच. उभं राहून दोन कसे मारलेस ते सांगायचं."