बापाची बढती

माझा बाप आधी कॅप्टन होता. शाळेत पोरांनी मला 'टॉमी' म्हणून यू-यू केलं, त्या दिवशी मी त्याला मेजर केलं. पुढे एका मुलीच्या घरच्यांनी "मुलगा कष्टाळू आहे, पण रक्त कुणाचं?" असं विचारून नकार कळवला, तेव्हा कर्नल. माझा अपमान झाला की बापाची बढती ठरलेली. ब्रिगेडियरपाशी गाडी अडली, कारण त्याच्या वरचा हुद्दा मला माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटायची. खरं तर तो छावणीत बटाटे सोलणारा साधा शिपाई असणार. पण मी त्याला कधी बटाट्यांच्या जवळपासही फिरकू दिलं नाही.

खरं एवढंच होतं की दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुंबईच्या आसपास गोऱ्या सोल्जरांच्या छावण्या होत्या. लढाई संपली, बोटी सुटल्या, सोल्जर गेले आणि पोरं राहिली. नन्सच्या अनाथालयात माझ्यासारखी बरीच होती, घारी, भुरी, काही कुरळ्या केसांची सावळी. बाप बोटीवर, आई लाजेकाजेने बेपत्ता. मला जिने वाढवलं ती माझी आय तेव्हा आमच्या गिरीज गावाहून त्या नन्सच्या स्वयंपाकघरात केळी आणि भाजी पोचवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एक दिवस तिने पाटी रिकामी केली आणि येताना तिच्यात मला घालून घेऊन आली. आळीतल्या बाया म्हणाल्या, "अगो, केळी देऊन काय आनलंस हे?"

नन्सनी एक अट घातली होती. पोराच्या बापाकडून कुणी चौकशीला आलं, तर पोर परत द्यायचं. हे आयने मला मी आठ-नऊ वर्षांचा असताना सांगितलं, आणि तिथेच चुकलं. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो. वाडीत पाणी लावायला सांगितलं की मनात म्हणायचो, येऊ दे माझे लोक, मग बघतो कोण पाणी लावतं. एकदा भांडणात तोंडावरच बोललो, "माझा बाप आला ना, की मी जातो. मग बस तू तुझ्या केळींत." ती कळशी उचलून विहिरीवर गेली. मला वाटलं, हिला काय फरक पडतो! असा मी अक्कलशून्य.

वाट बघता बघता माझं लग्न झालं, मुलगी झाली, टक्कल पडलं. पन्नाशी आली तरी चर्चच्या आवारात कुणी परका गोरा दिसला की मी शर्ट आत खोचायचो. चौकशीला आला असेल तर आपण बरे दिसावेत. ते सगळे किल्ला कुठे आहे ते विचारायचे. मी किल्ला दाखवायचो आणि शर्ट परत बाहेर काढायचो.

किल्ल्यावरून आठवलं. नव्वदच्या दशकात आमच्या किल्ल्यात सारखी शूटिंगं चालायची. एका हिंदी मालिकेला गोरे कमी पडले. त्यांचा माणूस मोटरसायकलवरून गिरीजच्या नाक्यावर आला आणि म्हणाला, "इधर कोई अंग्रेज टाईप आदमी है क्या?" झालं! सगळ्या नाक्याने एकाच वेळी माझ्या वाडीकडे बोट दाखवलं. मी बनियनवर, हातात कोयता, केळीचं लोंगर उतरवत होतो. त्याने मला खालून वरून पाहिलं आणि म्हणाला, "परफेक्ट!" पन्नास वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनेसुद्धा नाही.

मी कर्नल होणार असं मीच ठरवून टाकलं. आठवडाभर आरशासमोर हनुवटी वर करून चालत होतो. बायको म्हणाली, "अहो, मान धरली का तुमची?" प्रत्यक्षात कर्नलचं काम कुलाब्याहून आणलेल्या एका गोऱ्या, दाढीवाल्या पोरट्याला मिळालं आणि मी मागे बंदूक घेऊन उभा. एकच वाक्य होतं, "यहाँ का मालिक कौन है?" ते मी अशा झोकात म्हटलं की डायरेक्टर ओरडला, "काका, तुम्ही भाजी मार्केटमध्ये नाही आहात!" ते वाक्य काढून दाढीवाल्याला दिलं.

पण वर्दी अंगावर होती. खाकी, पितळी बटणं, पट्टा, डोक्यावर टोपी. जेवणाची सुट्टी झाली. ही वर्दी घरच्या दारात उभी राहिलीच पाहिजे असं माझ्या डोक्यात भरलं, आणि कपडेवाल्याची नजर चुकवून मी स्कूटरला किक मारली. बाजारात कोळणी मासे टाकून बघत राहिल्या. "अगो बाय, इंग्रज परत आला, नि स्कूटरवर!" एकीने तर हाताला धरून बोंबील गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

बायको बाहेर गेली होती, मुलगी कॉलेजला. आय एकटी ओट्यावर रोझरीचे मणी ओढत बसली होती. ऐंशीला टेकली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसाचा आकार दिसायचा, चेहरा नाही. शूटिंगचं मी तिला सांगितलंच नव्हतं. स्कूटर नाक्यावरच ठेवून मी अंगणात उभा राहिलो. टोपी सरळ केली. आणि त्या क्षणी मला गंमत सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मूर्खपणांत हिचा पहिला नंबर. मी आवाज जाड केला आणि मालिकेतल्या साहेबासारखं म्हणालो, "बाई, हमारा लडका किधर है?"

मला वाटलं होतं, ती हसेल, 'मेल्या, तुझं काय चाललंय' म्हणेल.

तिच्या हातातले मणी थांबले. ती भिंतीला धरून उठली, दारात आली आणि दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना ठेवून उभी राहिली. दार तिने पुरतं अडवलं. आमच्या घरच्या बोलीत बोलली, मी तुमच्यासाठी सोपं करून लिहितो.

"पोर नाय राहिलं, साहेब. आनलं त्याच वर्षी तापानं गेलं. इथंच पुरलं."

दर शनिवारी कन्फेशनला जाणारी बाई. पेरू चोरून 'नाही चोरला' म्हटल्याबद्दल मला फोडून काढणारी. जरासुद्धा अडखळली नाही. हे उत्तर आत्ता सुचलेलं नव्हतं. मी वाट बघत होतो ती सगळी वर्षं तिनेही काढली होती, हे वाक्य तयार ठेवून. मी शर्ट खोचत होतो आणि ती मला मातीत पुरत होती, कुणी न्यायला नको म्हणून.

'आय, मी आहे गं' म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर तिचं खोटं मी पकडलं असं झालं असतं, आणि ते पकडायची माझी लायकी नव्हती.

"आता जा तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या लेकाची वाडीतून जेवायला यायची वेळ झाली."

मी गेलो. घराला वळसा घालून मागच्या विहिरीवर आलो आणि वर्दी उतरवली. पितळी बटणं निघता निघेनात. ती खाकी दोरीवर टाकून दिली. संध्याकाळी कपडेवाला शिव्या देत घेऊन गेला. दुपारच्या शूटिंगला मी गेलो नाही. तोंड धुतलं, नंतर पुन्हा एकदा धुतलं, कारण डोळे थांबत नव्हते. मग बनियनवर मागच्या दाराने घरात शिरलो.

आय पुढच्या दारातच होती. माझी चाहूल लागली तशी वळली, चाचपडत आली, माझा दंड धरला आणि सोडलाच नाही. एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने तिने ताट मांडलं, भात वाढला, त्यावर बांगड्याचं कालवण घातलं.

"कोण आलं होतं गं, आय?" मी विचारलं.

"कोणी नाय," ती म्हणाली. "तू जेव."