सात नंबरच्या मशीनची खंडेनवमी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आई घरात लिंबू उतरवते तेव्हा मी लॅपटॉपमधून मान वर करत नाही. पण हे घडलंय... आणि डोकं अजून भणभणतंय.

रबाळ्याला औषधांचं एक गोडाऊन आहे. तिथल्या हँडहेल्ड स्कॅनरमधला जावा प्रोग्रॅम माझा. खोका स्कॅन केला की नोंदीत आजची तारीख पडते. मशीनं बारा, कोड एकच. अकरा ठीक. सात नंबर मात्र गेल्या वर्षी दिवाळी उलटली तरी खंडेनवमीचीच तारीख देत होतं! स्क्रीनवरचं घड्याळ बरोबर — प्रोग्रॅमने तारीख मागितली की खंडेनवमी.

हे मशीन वापरायचे गोडाऊनमधले शिंदेकाका, मूळचे साताऱ्याचे. खंडेनवमीला गोडाऊन फक्त पूजेपुरतं उघडतं, मग त्या दिवसाच्या नोंदी आल्या कुठून? गोडाऊनचा मॅनेजर मला म्हणाला, "म्हातारा खोट्या नोंदी करतोय. शुक्रवारपर्यंत कारण दे, नाहीतर त्याला घरी बसवतो."

बावीस वर्षं राबलेला माणूस हो!

टाइमझोन तपासला, बॅटरी बदलली, फॅक्टरी रीसेट मारला, प्रोग्रॅम पुसून परत टाकला. च्यायला, पुन्हा तेच! शेवटी मशीन टेबलावर आपटलं.

"ताई, रागावू नगा," काका म्हणाले. "त्या दिशी समदी मशीनं पूजेला मांडली हुती. तुमी मधनंच सात नंबर उचललं, अपडेट टाकायचाय म्हनून. म्या म्हनलं हुतं, आज हत्यार हलवत न्हाईत."

आठवलं. वरचं हळदीकुंकू मी जीन्सला पुसलं होतं.

"काका, प्लीज! मला कोडमधलं कारण हवंय."

"कारन तुमी शोधा. म्या नारळ आनतो."

गुरुवारी दुपारी मी हरले. मशीन पाटावर ठेवलं, काकांनी नारळ फोडला. मीही दातओठ खात "चुकलं" म्हणाले. मग काकांनी एक खोका स्कॅन केला.

आजची तारीख!

कोडची एक ओळ बदलली नव्हती. लॉग चार वेळा वाचला, काही नाही.

रिपोर्टात 'मूळ कारण' असा रकाना असतो. तिथे नारळ लिहिला असता तर आम्ही दोघंही घरी बसलो असतो. मी लिहिलं, "चूक माझी. शिंद्यांचा दोष नाही." मला मेमो मिळाला, काका कामावर राहिले.

अजून अधूनमधून तो कोड उघडते. चूक सापडत नाही, चिडचिड तेवढी होते.

यंदा खंडेनवमीला माझा लॅपटॉप मी स्वतः नेऊन काकांच्या पाटावर ठेवला. विश्वास वगैरे नाही हं... पण दिवसभर हात लावला नाही.