तोरणाने बांधलेली साखळी

बुधला फुटला तेव्हा माझ्या एका हातात कोहळा होता आणि दुसऱ्या हातात कोयता. मी शेडच्या दाराशी होते. आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग माझ्या नणंदेची किंकाळी, ‘वयनी!’ मी कोहळा टाकला आणि आत बघितलं. फरशीवर ॲसिड पसरत चाललं होतं. दारातून यंत्रापर्यंत घातलेली रांगोळी त्यात फसफसत होती. माझी नणंद मधोमध उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात काही नाही.

पायात कुणाच्याच काही नव्हतं. त्या दिवशी खंडेनवमी होती. यंत्राला हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि कंपनीने दिलेले रबरी गमबूट सगळ्यांनी दाराबाहेर ओळीने काढून ठेवलेले. एरवी आम्ही ते घालत होतो. घातले नाहीत तर मुकादम आत घेत नसे. पण पूजेच्या यंत्रासमोर बूट घालून कोण उभं राहणार? खुद्द मुकादमच अनवाणी होता.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा-पंधरा वर्षं झाली असतील. पनवेलच्या बाहेर ही मोठी रसायनांची कंपनी नवीनच आली होती. आम्ही मिठागरातल्या बाया. मी चौथी शिकलेली, म्हणून मला बाकीच्या बायांच्या पुढे ठेवलं होतं. काम एकच, ॲसिडचे रिकामे काचेचे बुधले धुवायचे आणि पेंढा घालून लाकडी खोक्यात बसवायचे. नणंदेला कामावर मीच लावलं. सासू म्हणाली होती, ‘तिचं लगीन ठरवायचं हाय. हातपाय जागेवर ठेवून आन.’ मी म्हटलं होतं, आणीन.

आणि त्या दिवशी रांगोळीला जागा करायची म्हणून पुरुषांनी भरलेले बुधले भिंतीकडे सरकवले होते. एक तर नुसताच फळीवर ठेवला, खोक्याशिवाय. आरतीचं ताट आलं, ते पुढे जाऊ द्यायला नणंद मागे सरकली, आणि तिची पाठ फळीला लागली.

बाया-माणसं मागच्या दाराने ओरडत पळाली. मुकादम बाहेरून ओरडत होता, ‘हळद लावा! अरे, हळद लावा तिला!’ एका बाईने तर खरंच हळदीची वाटी आत भिरकावली.

‘हळद नको! पाणी!’ हे ओरडले ते सेफ्टीचे साहेब.

हे साहेब पनवेलचेच, बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. घरी-दारी मराठी बोलणारे. दर सोमवारी आम्हाला उभं करून एकच सांगायचे, अंगावर ॲसिड पडलं तर पाणी, पाणी आणि पाणी, पाव तास, कपडे काढून. आम्ही त्यांना ‘पाणीवाले साहेब’ म्हणून हसत असू. ‘साहेब, आंघोळीला साबन कोन देनार?’ असं एकीने विचारलं होतं. तेही हसले होते. दाराजवळच्या चौथऱ्यावर त्यांनी एक मोठा नळ बसवून घेतला होता. खाली लोंबणारी साखळी ओढली की डोक्यावर धो धो पाणी. ॲसिड लागलेल्याने पळत जाऊन फक्त ती ओढायची.

पूजा त्यांची नव्हती, तरी आमचा मान राखायला त्यांनीही बूट काढून ठेवले होते. तसेच, नुसत्या मोज्यांवर, ते ॲसिडात शिरले. नणंदेला खांद्यावर टाकली आणि चौथऱ्यावर आणून उभी केली. साखळीला हात घातला, तर हातात नुसती हवा.

साखळी वर होती. ती मी बांधली होती.

आदल्या वर्षी पूजेच्या वेळी कुणाचा तरी खांदा त्या साखळीला लागला आणि सगळं पाणी आरतीवर पडलं. दिवा विझला. वर्षभर कुणाचं बोट कापलं तरी बाया त्या दिव्याचं नाव काढायच्या. म्हणून या वर्षी सकाळीच मी शिडी लावून साखळी पाइपाला गुंडाळली, झेंडूच्या तोरणाच्या सुतळीने तीन गाठी मारल्या आणि म्हटलं, आता बघते कशी भिजते पूजा.

आता शिडी नव्हती. साहेब उड्या मारत होते, हात पोहोचत नव्हता. नणंद ओरडायची थांबली होती. ते जास्त वाईट.

मी बाहेरचे हाताला लागले ते दोन गमबूट चढवले. दोन्ही पुरुषांचे आणि दोन्ही डाव्या पायाचे. तशीच आत गेले, यंत्रापुढचा चौरंग ओढला. ताट, नारळ, समई, सगळं खाली. बाहेरून बाया किंचाळल्या, ‘अगो बाय, देव पाडलास!’ चौरंग चौथऱ्यावर ठेवून मी वर चढले आणि कोयत्याने सुतळीवर घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला तोरण खाली आलं आणि साखळीही. साहेबांनी ती अशी ओढली की मला वाटलं नळच उपटून येतो.

पाणी आलं! मी आयुष्यात इतकी कशाला बघून ओरडले नसेन. पोटच्या पोराच्या वेळेलाही नाही.

‘लुगडं काढा तिचं,’ साहेब म्हणाले.

नणंदेने निऱ्या दोन्ही हातांनी आवळल्या. ‘नाय काढायची. मान्सं हायेत.’

‘मान्सं गेली खड्ड्यात! कातडी सोलून निघेल तुझी!’ मी म्हटलं.

‘वयनी, नको गो. थंडी वाजते.’

मी तिचे केस धरले आणि बाहेर ओरडले, ‘तोंडं फिरवा रे मेल्यांनो!’ मुकादमासकट सगळ्यांनी फिरवली. मी कोयत्याने लुगडं कमरेपासून खालपर्यंत फाडून काढलं. साहेब आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, कोट काढून न बघता मागे दिला, आणि आपले पाय आमच्या पाण्याच्या कडेला धरले. ‘पाव तास,’ ते म्हणाले. ‘मी मोजतो. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही.’ त्यांचे मोजे विरून गेले होते. मधे मधे आवाज फुटत होता, पण मोजणं थांबलं नाही.

कंपनीच्या जीपमधून आम्हाला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. रस्त्यात मी साहेबांना सांगितलं, ‘साखळी मी बांधलीवती.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘सकाळी मी बघितली होती. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे.’

पुढच्या खंडेनवमीला पूजा दाराबाहेर झाली. आत बूट घालूनच जायचं, असं ठरलं. साखळीला त्यानंतर कुणी फूलसुद्धा लावलं नाही.

नणंदेच्या पोटऱ्यांवर डाग राहिले आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. साहेब दोन महिने खाटेवर होते, पुढे जन्मभर टाचांवर चालले. दोघंही जगली.