फेस उभा शे!

आमच्या लॅबमध्ये फेस टिकत नसे, किस्से मात्र चांगले टिकायचे! चहाला चार जण जमले की एक किस्सा निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आता बसलाच आहात तर ऐका.

आधी काम काय ते सांगते. अणुभट्टीतल्या टाक्यांना आतून किरणोत्सारी घाण चिकटते. पाण्याने धुवावी तर ते सगळं पाणीच घातक होतं, ते ठेवायचं कुठे? फेसात पाणी थोडं, हवा फार; म्हणून फेसाने काढायची. पण फेस बसतो! तो बसू नये म्हणून त्यात सिलिकाचे नॅनोकण घालायचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वाळूच म्हणा. ते बुडबुड्यांभोवती पहारा देतात.

आमच्या जळगावच्या कॉलेजात हे काम हेमांगी करायची, पीएच.डी.साठी. गाइड होते नाना सर. प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली नाही तर पोरीला सगळं अर्धवट टाकून साक्रीला घरी परतावं लागणार होतं. त्यामुळे तिचा फेस बसला की आमचे चेहरे पडायचे.

*

हेमांगी सुट्टीत घरी गेली. वडील, म्हणजे आबा, अहिराणीत म्हणाले, "इतलं शिकीसन तू करस काय?"

"फेस, आबा. साबणना. तो टिकाडनं काम शे."

आबा विचारात पडले. "आपला घरमा तर फेस धुई टाकतस, पोरी!"

*

तिच्या घरमालकीण अक्कांनी तर दारातच अडवलं. "आमच्याकडे अणूबिणू आणायचा नाही हं!"

"अहो अक्का, लॅबमध्ये किरणोत्सारी काही नसतंच. साधे क्षार लावतो पत्र्यावर आणि फेसाने काढतो."

दुसऱ्या दिवशी अक्का वांगी भाजून काळाकुट्ट झालेला तवा घेऊन हजर! "मग हे काढ बरं!"

ते काही निघालं नाही. अक्कांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

*

मे महिन्यात फेस सकाळी छान उभा राही आणि दुपारी बसे. साबण बदलला, पावडर बदलली, एकमेकांवर चिडूनही झालं. शेवटी कळलं, आम्ही दुपारी लावत होतो त्या कूलरचा वारा थेट फेसावर येत होता!

कूलर बंद केला. फेस उभा राहिला, आम्ही बसलो!

*

मग हेमांगीने जोशात नॅनोकणच वाढवले. जास्त पहारेकरी, जास्त बंदोबस्त! नळीतून जे बाहेर आलं ते थेट पिठलं.

नाना सर रावेरकडचे, घरची केळीची बाग. म्हणाले, "खत दुप्पट टाकलं म्हणून घड दुप्पट होत नाही, बाई. झाड जळतं!"

*

आणि मग तो हिवाळ्यातला दिवस. मुदतवाढ ठरवायला प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या खात्याचे मोठे साहेब आले. उभ्या स्टीलच्या पत्र्यावर अर्धा तास फेस टिकला पाहिजे, ही अट. हेमांगीने त्यांच्यासमोर बेताचेच कण घातलेला फेस मारला आणि तेवढ्यात नाना सर म्हणाले, "चला, पानं मांडली आहेत!"

आमच्याकडे पाहुणा उपाशी ठेवून काम दाखवत नाहीत. मागच्या मैदानात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. साहेब नको म्हणायचे, नाना सर वाढायचे. हेमांगी पुरी नुसती मोडत होती आणि लॅबच्या दाराकडे बघत होती. अर्धा तास केव्हाच उलटून गेला असणार, आणि पुऱ्या येतच होत्या! मला तर नाना सरांचा भयंकर राग आला.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. हेमांगीने दार उघडलं. फेस पत्र्यावर जसाच्या तसा!

साहेबांनी बोट लावून पाहिलं. "किती वेळ झाला?"

घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. नाना सर शांतपणे म्हणाले, "एक भरीत झालं, साहेब!"

साहेब पोट धरून हसले. "मुदतवाढ दिली. पुढची चाचणीही वांग्यांच्या हंगामातच ठेवा!"

हेमांगीने तिथूनच घरी फोन लावला. डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला. "आबा! फेस उभा शे! आजून उभा शे!"

पलीकडून आबा म्हणाले, "मंग आते तरी धुई टाक!"