सावली माझ्या मागे होती

“हिची सावली पडली बॉलवर,” साहेब म्हणाले. सगळ्या पाहुण्यांपुढे, माझ्याकडे बोट करून.

सकाळचं ऊन माझ्या तोंडावर होतं. डोळे किलकिले करून मी साहेबांकडे बघत होते. म्हणजे सावली माझ्या पाठीमागे. शेंबड्या पोरालाही कळेल. पण बॉल झेंड्याकडे जायचा सोडून आडवा उजवीकडे पळाला होता आणि पाहुण्यांच्या मांडवाच्या बांबूवर आदळला होता. कोणीतरी हसलं. तेव्हा साहेबांना माझी सावली दिसली.

चंद्रपूरकडे खाणीच्या साहेबलोकांची वसाहत आहे, तिथल्या गोल्फच्या मैदानावर मी कॅडी. साहेबांच्या बॅगा वाहते. त्या आडव्या बॉलला शँक म्हणतात. ज्यानं मारतात तो क्लब; त्याची दांडी खाली पात्याला जिथे जुळते, ती त्याची मान. बॉल पात्याला लागायच्या ऐवजी मानेला लागला की असा सुटतो. साहेबांना हा रोग दिवाळीनंतर जडला. जो तो सांगायचा, बॉलपासून लांब उभे राहा. ते लांब राहत, मग बॉल गाठायला आणखी पुढे झुकत, आणि बॉल आणखी आडवा.

मी त्यांचे पाय पाहिले. फटका मारताना टाचा उचलायच्या. अंग पुढे पडायचं, हात पुढे जायचे, क्लबची मान बॉलवर. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझे बाबा गावच्या तलावात डोंग्यावर उभे राहून जाळं फेकत. मी फेकायला गेले की तोल जायचा. बाबा म्हणत, “बोटायवर काऊन उभी राह्यतं वं? टाच रोव. नाई तं जाळ्याच्या आंधी तूच जाशीन पान्यात.”

एका सोमवारी मैदान बंद होतं. साहेब एकटेच मारत होते, मी बॉल वेचत होते. मीच धीर करून बोलले. बॉलच्या पलीकडे दोन बोटं जागा सोडून तेंदूची काडी ठेवली.

“साहेब, टाच उचलू देऊ नका. हात ढिले सोडा. बॉल मारा, पन काडीले लागू देऊ नका.”

किती काड्या मोडल्या त्या दिवशी. तिसऱ्या सोमवारी काडी जागची हलली नाही आणि बॉल सरळ झेंड्याकडे गेला. साहेबांनी मला हात जोडले. म्हणाले, “तू माझी गुरू. मुलांना शिकवायची जागा निघते आहे. तुझं नाव मीच मांडणार.”

मी खुळी. घरी सांगितलं, नळावर सांगितलं. सासू म्हणाली, “बाजारात तुरी हायेत अजून, बाई.” मला तिचाच राग आला.

ती जागा स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी ठरायची होती. आणि त्याच सकाळी हे सावलीचं झालं. साहेबांची टाच उचलली, ती मी बॉल सुटायच्या आधी पाहिली होती. ते जवळ आले. हळूच म्हणाले, “सॉरी म्हणून टाक. संध्याकाळी तुझं नाव मांडायचंय ना?”

 शिवी दिली असती तर गिळली असती. आजवर गिळल्याच. पण खरं कारण ह्या माणसाला ठाऊक होतं, मीच सांगितलेलं. ते लपवायला त्यांनी मलाच वापरलं, आणि वर माझंच नाव मला विकायला काढलं.

मी बॅग खाली ठेवली.

“सावली माह्या मांगं हाये, साहेब. टाच उचलली तुमची.”

 मी एक काडी उचलली, बॉल होता त्या जागेपलीकडे ठेवली आणि चालू लागले.

जागेवर नागपूरचा माणूस आला. मी अजून बॅगा वाहते, पोटासाठी. त्या साहेबांची मात्र उचलत नाही. गेल्या रविवारी मी कुंपणापाशी थांबले. त्या नव्या माणसाच्या वर्गात साहेबच मुलांपुढे वाकून काडी ठेवत होते. “ही माझी युक्ती,” म्हणाले.

मी तशीच निघून आले. ते चुकलं माझं.

येत्या रविवारी मी आत जाणार आहे. मुलांना सांगणार आहे, ही काडी तलावावरच्या एका कोळ्याची आणि त्याच्या पोरीची. काम गेलं तर जाईल. साहेब पुन्हा सॉरी म्हणायला लावतील, तर आधी सगळ्यांना सूर्य कुठे आहे ते दाखवीन. सॉरी म्हणणार नाही.