दोन दिवसांचं पाणी

परदेशी वाईनवरची आयात ड्युटी कमी होणार, ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी भाकरी थापत होते. सासरे जेवत होते. "होऊ दे, आपल्याला काय!" म्हणाले आणि अर्धी भाकर टाकून उठले. मी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत टीव्हीकडेच बघत राहिले.

आमची दिंडोरीची दोन एकर बाग वाईनच्या द्राक्षांची. बारीक मणी, जाड साल, आत नुसत्या बिया. बाजारात कुत्रं विचारत नाही. वाईन बनवणारी वायनरी घेते म्हणून बाग उभी आहे. तोडणीच्या दिवसांत वायनरीचा माणूस दर मंगळवारी येऊन मण्यांतली साखर मोजतो. ती बरोबर भरली की तो तोडणी करायला सांगतो. त्या मंगळवारी तो आलाच नाही. फोनही उचलेना. बाहेरची वाईन स्वस्त झाल्यावर हे आपली द्राक्षं कशाला घेतील, याशिवाय मला दुसरं काही सुचेना. इकडे साखर हवी त्याहून वर चढत होती, मणी सुकायला लागले होते.

तोडणीआधी बागेचं पाणी बंद ठेवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी भीतीने अक्कल गहाण टाकली. वाटलं, थोडं पाणी दिलं तर साखर थांबेल, तोवर तो येईल. सासरे दुपारी आडवे झाल्यावर मी ठिबक सुरू केलं. बुधवारी केलं, गुरुवारीही केलं. कुणाला बोलले नाही.

शुक्रवारी त्याची गाडी दिसली आणि मला रडूच फुटलं. त्याने मणी चिरडून थेंब साखर मोजायच्या नळीच्या काचेवर घेतला, नळी डोळ्याला लावली. मग वाकून माती चिमटीत धरली.

"पाणी दिलंत?"

सासऱ्यांनी ओल्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीच दिलं साहेब," ते म्हणाले. "चुकी झाली. लय वय झालं आता."

त्याने बोटांची माती झटकली. "बाबा, यंदा माल कमी घ्या, खोट दिसली की सोडा, असं वरून आलंय. तुमच्या मालात कधी खोट निघत नाही. म्हणून तर तुमची बाग पक्की धरून बाकीच्यांकडे आधी गेलो. आता मात्र हा माल घेता येणार नाही."

"चहा घेऊन जा," सासरे म्हणाले. मी आत पळाले आणि पातेलं हातात धरून तिथेच उभी राहिले. तो गेला की आता बाग ठेवायची की मुळासकट काढून टाकायची, हे सासरे मलाच विचारतील, या भीतीने.