वाटून घेतलेला कोर्स

माझे बाबा समोरच्याला दिल्याशिवाय स्वतः काही तोंडात टाकत नाहीत. एकच शेंगदाणा असला तरी त्याची दोन दळं करतात. आमच्या वरवट बकाल गावात याचं फार कौतुक आहे. मलाही होतं, बाबांच्या पोटात अल्सर निघेपर्यंत.

खामगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने जखम पाहिली आणि नीट समजावलं. जंतू मारायच्या गोळ्या आणि आम्ल कमी करायच्या गोळ्या, दोन्हींचा कोर्स पुरा घ्यायचा. बरं वाटलं तरी मधेच सोडायचा नाही. गुडघ्यासाठी घेता ती दुखण्याची गोळी बंद, तंबाखू बंद. जखमेतून रक्त आलंच तर दुर्बिणीतून थांबवता येतं, तेही नाही जमलं तर ऑपरेशन. ऑपरेशन ऐकून आईचा चेहरा उतरला. बाबांनी एवढंच विचारलं, "मंग तंबाखू मळून दुसऱ्याले देली त चालते काय?"

घरी आलो आणि भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा आपलं दुखणंही सोबत आणतो. शेजारचे शिंपीचाचा खाटेवर टेकले आणि म्हणाले, "भाऊ, मलेबी छातीत लय जळजळ होऊन राह्यली." बाबांच्या हातात गोळी होतीच. ती चाचांना गेली.

बाबांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. तिकीट फाडावं तशा त्यांनी पाकिटातल्या गोळ्या वाटल्या. लोक गोळीची वेळ साधून यायला लागले. एक दूरचा पाहुणा जळगाव जामोदहून बसने आला आणि पांढरी नको, लालच पाहिजे म्हणून अडून बसला. त्याला लाल मिळाली, वर चहा.

माझं डोकं फिरलं. "बाबा, हे काय लग्नातली बुंदी हाये काय?"

"माणूस समोर बसला अन् आपण एकट्यानंच गिळाव? शोभते काय बे?"

मग एका सकाळी बाबांना डांबरासारखं काळं शौचाला झालं आणि ते मोरीजवळच बसले. पुन्हा खामगाव. दुर्बिणीतून रक्त थांबवल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काका, कोर्स पुरा केला होता ना?"

"हाव," बाबा पडल्या पडल्या मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आमी सगळ्यायनं मिळून केला."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. बाबा जातील अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या कोर्सच्या गोळ्या आईने ताब्यात घेतल्या. वेळ झाली की ती बाबांना आतल्या खोलीत न्यायची आणि कडी लावायची. पण आत बाबांच्या घशाखाली गोळी उतरेना. "चोरून खाल्ल्यावानी वाटते," म्हणायचे आणि गोळी परत हातावर घ्यायचे. आई चिडली, हात जोडले, शेवटी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनेही मूठ तोंडाला लावली. मूठ रिकामी होती. इतक्या जवळून बाबांना ते दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

"तुले भेटली ना?" ते रोज विचारायचे.

"हाव, भेटली. गिळा आता."

ती पाण्याचा घोट घ्यायची, मग बाबा गोळी गिळायचे.